दारू सोडायच्या गोळ्या: मेडिकलच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला माझं मेडिकल आहे, १९ वर्षं झाली. दुपारी अडीच-तीनला गर्दी नसते, त्या वेळेला एखादी ताई येते, आधी डोकेदुखीची गोळी मागते, सुट्टे पैसे मोजत बसते, मागं कोण उभं नाही ना बघते आणि मग एकदम बारीक आवाजात विचारते, "दादा, दारू सुटायची गोळी असते का हो?" महिन्यातनं सात-आठ वेळा तरी हे होतंच. प्रत्येकीला उभ्या उभ्या दोन मिनिटांत सगळं सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर धोका होतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण माझा थोरला भाऊ १४ वर्षं प्यायचा आणि माझे चुलते पण, त्यामुळं यातलं बरंचसं पुस्तकात वाचलेलं नाही, घरात बघितलेलं आहे.

दारू सुटायची गोळी खरंच असते का?

असते. एक नाही, तीन मुख्य आहेत: डायसल्फिरम, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. शिवाय बॅक्लोफेन, टोपिरामेट अशी दुसऱ्या आजारांची औषधं पण डॉक्टर यासाठी वापरतात. ही काही काल-परवाची औषधं नाहीत, अमेरिकेत डायसल्फिरमला मान्यता १९५१ ला मिळाली, नाल्ट्रेक्सोनला दारूसाठी १९९४ ला आणि अकॅम्प्रोसेटला २००४ ला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन्ही आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दारूच्या व्यसनासाठी घातली. म्हणजे बीपी-शुगरची औषधं ज्या यादीत असतात त्याच यादीत.

तरी लोकांना माहीतच नाही. केंद्र सरकारनं एम्सकडनं देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ ला आला, त्यात दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागं एकाला कसला तरी उपचार मिळालेला निघाला. बाकीच्या ३७ जणांच्या घरात काय चाललं असेल ते मला काउंटरवरनं दिसतं.

गुण किती येतो हेही खरं सांगतो. २०१४ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, त्यात १२ जणांना अकॅम्प्रोसेट दिलं तर एकजण जास्तीचा दारूपासनं पूर्ण लांब राहिला असं दिसलं, नाल्ट्रेक्सोनमध्ये हाच आकडा २० आला आणि बेसुमार पिणं टळण्यासाठी १२. ऐकायला थोडं वाटतं, पण आपण बिनतक्रार घेतो अशा बऱ्याच औषधांचे आकडे याहून काही वेगळे नसतात. जादू नाही, पण काहीच होत नाही असंही नाही.

चिठ्ठी नाही, पण तुम्ही ओळखीचे आहात, द्या की एक स्ट्रिप.

नाही देणार. राग धरू नका, ओळखीचा आहे म्हणूनच नाही देत. ही सगळी चिठ्ठीवरचीच औषधं आहेत आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुठली गोळी कुणाला चालते हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लिव्हर कसंय, किडनी कशीय, हार्टचा त्रास आहे का, फिट येऊन गेलीय का, डोक्याचं औषध चालू आहे का, कंबरदुखीला कुठली गोळी खातो, हे सगळं बघावं लागतं. एकाला तारणारी गोळी शेजारच्याला थेट आयसीयूत नेऊ शकते.

ती घेतल्यावर दारू प्यायली की उलट्या होतात ती गोळी कुठली?

ती डायसल्फिरम. आपल्याकडं 'दारू सोडायची गोळी' म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी एका विषारी पदार्थात रूपांतर करतं, ॲसिटाल्डिहाइड म्हणतात त्याला, आणि मग लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला लगेच पुढं ढकलून निरुपद्रवी करतं. डायसल्फिरम त्या एन्झाइमलाच बंद पाडतं. मग ते विष रक्तात साठत जातं आणि दहा-पंधरा मिनिटांतच तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागतं, छाती धडधडते, घाम, उलट्या, बीपी खाली. गंमत म्हणजे हे कुणी दारूसाठी शोधलंच नव्हतं. रबराच्या कारखान्यात वापरायचं हे रसायन, आणि १९३७ ला अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं टिपून ठेवलं की तिथल्या कामगारांना दारू सोसेनाशी झालीय. पुढं डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतांवर औषध म्हणून तेच रसायन तपासत होते, स्वतःच गोळ्या घेऊन बघितल्या, आणि नंतर दारू घेतल्यावर दोघंही आजारी पडले. १९४८ ला त्यांनी ते छापलं आणि तिथनं हे औषध आलं.

साधारण २५० मिलीग्रॅमची एक गोळी दिवसाला असते. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, बरेच डॉक्टर त्याहून जास्त थांबतात. आणि हे नीट ध्यानात ठेवा: गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. "परवापासनं गोळी बंद केलीय, आज म्हाई (गावजत्रेचं जेवण) आहे, थोडी घेतो" हे चालत नाही.

ही गोळी तलफ कमी करते का?

नाही. डायसल्फिरम तलफेवर काहीच करत नाही, ते फक्त दारात राखण बसवतं. म्हणून जो ती रोज घेतो त्यालाच उपयोग होतो आणि रोज घ्यायची तर समोर कोणीतरी असलेलं बरं.

आमच्या घरात हे कसं झालं ते सांगतो. दादा शिरोलीला एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, पगाराच्या दिवशी तिथनंच परस्पर गायब व्हायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून गोळी चालू केली तेव्हा दादा आणि वहिनी दोघांनाही समोरासमोर बसवलं आणि ठरवून दिलं, रोज सकाळी चहाच्या आधी गोळी वहिनी हातात देणार, दादा तिच्यासमोर पाण्याबरोबर घेणार, आणि त्यावर कोणी एक अक्षर बोलायचं नाही. "घेतली ना? तोंड उघडा बघू" नाही, "आता तरी सुधारा" नाही. काहीच नाही. घेतली की दादा स्वतः स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेनानं बरोबरची खूण करायचा. ते कॅलेंडर गॅसच्या शेजारी भिंतीवर टांगलेलं, तेलाच्या वाफेनं खालचा कोपरा पिवळा पडलेला, त्यावर गॅस सिलिंडरची तारीख, दुधाचा हिशोब आणि त्या खुणा. पहिल्या महिन्यात खुणा इतक्या दाबून केलेल्या की कागद मागनं उठलाय. वहिनीनं ते कॅलेंडर अजून टाकलेलं नाही.

तो दिवसातनं एकदाच निर्णय घ्यायचा, सकाळी, डोकं शांत असताना. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर गेटवर मित्र हाका मारायचे तेव्हा त्याला निर्णय घ्यायचाच नसायचा, तो सकाळीच होऊन गेलेला असायचा. डायसल्फिरमचा खरा उपयोग मला एवढाच वाटतो आणि तो लई मोठा आहे.

त्यांना न सांगता आमटीत घालून दिली तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि विचारणारी जवळजवळ नेहमी बायको किंवा आई असते. मला तुमचं कळतं. दहा वर्षं विनवण्या करून झालेल्या असतात, माहेरचे येऊन गेलेले असतात, देवाच्या पायावर हात ठेवून घेतलेल्या शपथा पण झालेल्या असतात. तरी हात जोडून सांगतो, असं करू नका.

बघा काय होतं. त्याला माहीत नाही की पोटात गोळी आहे. तो नेहमीसारखा गुत्त्यावर किंवा परमिट रूमला जातो, क्वार्टर मारतो, अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते. माहीत असतं तर पहिल्याच घोटाला थांबला असता किंवा प्यायलाच नसता. माहीत नाही म्हणून "ॲसिडिटी झाली" म्हणत अजून दोन पेग घेतो. बीपी एकदम पडतं, हार्ट आधीच कमकुवत असेल तर अटॅक येऊ शकतो, माणूस जाऊ पण शकतो. दवाखान्यात नेलं तर तो डॉक्टरला सांगू शकत नाही काय घेतलंय आणि तुम्ही भीतीपोटी सांगत नाही. शिवाय ज्या गोळीची सगळी ताकद 'मला माहीत आहे की मी पिऊ शकत नाही' या जाणिवेत आहे, ती चोरून दिली तर तिचं कामच होत नाही, नुसतं विष होतं.

आणि एक दिवस कळतंच. माझ्याकडं येणाऱ्या एका मावशीच्या घरी असंच झालं, कुठनं तरी गोळ्या मिळवून त्यांनी पिठात मळून भाकरीतनं दिल्या, पोराला समजलं आणि त्यानंतर चार महिने तो घरचं जेवला नाही, गाड्यावर खायचा. आईच्या हातची भाकरी संशयानं बघायला लागला. त्या मावशी रडत होत्या ते दारूसाठी नाही, या भाकरीसाठी.

त्याला सांगून द्या. तयार नसेल तर गोळी नाही, आधी डॉक्टरची एक भेट, तीही "दारूसाठी" म्हणून नको, झोप लागत नाही, हात थरथरतात, जेवण जात नाही, याच्यासाठी म्हणून न्या. तिथनं बोलणं सुरू होतं.

पेपरात जाहिरात असते, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा', ती पावडर?

वरचं उत्तर परत वाचा. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती वस्तू तुमच्या माणसाच्या पोटात जायच्या लायकीची नाही, मग ती जडीबुटी म्हणून विकू देत नाहीतर अंगारा म्हणून.

डायसल्फिरम चालू असताना आणखी काय टाळायचं?

दारू फक्त बाटलीतच असते असं नाही. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, लेबल वाचा. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं, द्राक्षारिष्ट, कुमारी आसव वगैरे, ती आंबवूनच करतात आणि त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. घरात आजीला अशक्तपणासाठी आणलेली बाटली असते आणि हा पण त्यातलं दोन चमचे घेतो, असं होतं. होमिओपॅथीचे टिंक्चरचे थेंब, काही माउथवॉश, दाढी झाल्यावर लावायचं लोशन, सॅनिटायझर पण जपून. जुलाबाला आपण सर्रास घेतो ती मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर चालत नाही, भ्रम होतो, डोकं फिरल्यासारखं होतं. फिटची आणि रक्त पातळ करायची काही औषधं पण यात अडकतात. डोळे-त्वचा पिवळी दिसली, लघवी गडद झाली, भूक मेली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ही गोळी क्वचित लिव्हरला इजा करते.

इडली-डोसा चालतो का विचारतात. चालतो, बिनधास्त खा.

माळ घातलीय / श्रावण पाळतोय, आजपासनं एकदम बंद. मग औषध कशाला?

माळ घालून सुटलेली माणसं मी बघितलीत, वारीला जाऊन आलेले, वीस-वीस वर्षं थेंब न घेतलेले. त्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. जो रोज पितो, सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते, त्यानं एकदम बंद केलं तर पहिले चार-पाच दिवस जिवाला धोका असतो.

कारण असं की दारू मेंदूला गुंगी आणते, वर्षानुवर्षं रोज गुंगी आली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून बसतो, आणि एकदम दारू काढून घेतली की तो लावलेला जोर तसाच राहतो, समोर काही नाही. सहा तासांपासनं हात कापायला लागतात, घाम, चिडचिड, झोप नाही. साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी बोलावतंय म्हणतात, ताप येतो, कुठं आहोत ते कळत नाही. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गावाकडं याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि देवर्षाकडं नेतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

माझे चुलते, आम्ही अण्णा म्हणायचो, राधानगरी तालुक्यात राहायचे, गुऱ्हाळावर चुलवाण्याचं काम. आषाढी एकादशीला माळ घातली आणि त्या दिवसापासनं बंद. घरात आनंदच आनंद, काकूनं पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी हात इतका कापायला लागला की चहाची बशी धरवेना, सगळे म्हणाले अशक्तपणा आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे फिट आली. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाइन लावली, किती प्यायचे कोणी विचारलं नाही आणि लाजेपोटी आमच्यातलं कोणी सांगितलंही नाही. अण्णा वाचले. पण चालताना झोकांड्या जायच्या त्या गेल्याच नाहीत, आणि स्मरण गेलं. मला ओळखायचे, पण पाच मिनिटांपूर्वी मी आलोय हे विसरायचे आणि परत म्हणायचे, "कधी आलास बाळा?" एका दुपारी मी मोजलं, अकरा वेळा विचारलं त्यांनी.

पुढं फार्मसी शिकताना कळलं ते काय होतं. सतत पिणाऱ्याच्या अंगात व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिन पण त्यात खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नसतं. म्हणून तुमच्या माणसाला कुठंही, कशासाठीही सलाइन लावायची वेळ आली तर न लाजता सांगा, "हे रोज पितात, बी-१ द्या." एवढं एक वाक्य.

मग बंद करताना काय देतात?

थायमिन, आणि थरथर-फिट टाळायला क्लोरडायझेपॉक्साइड (जुने लोक लिब्रियम म्हणून ओळखतात) किंवा डायझेपाम. लिव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा लोराझेपाम. डोस पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज कमी करत पाच-सात दिवसांत बंद. या गोळ्यांची सवय लागू शकते म्हणून त्या मोजून मिळतात, क्लोरडायझेपॉक्साइड दिलं की मला रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते ३ वर्षं ठेवावं लागतं. त्यामुळं "मागच्या वेळची चिठ्ठी आहे की" म्हणून भांडू नका. आणि या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, दोन्ही एकत्र कधीच नको.

घरी होतं की ॲडमिटच करावं लागतं?

पिणं मध्यम असेल, पूर्वी कधी फिट आली नसेल, घरात लक्ष द्यायला कोणी असेल आणि डॉक्टर एक-दोन दिवसाआड बघणार असतील तर घरी होतं. पूर्वी सोडताना फिट आलीय, भास झालेत, वय जास्त आहे, शुगर किंवा हार्टचा त्रास आहे, पोटात पाणी झालंय, रक्ताची उलटी झालीय, जीव द्यायची भाषा करतोय, यातलं काहीही असेल तर ॲडमिट. यावर चर्चा नको.

तलफेवर औषध कुठलं?

नाल्ट्रेक्सोन. दारू प्यायली की मेंदूत जी मजा येते ती मेंदूतल्याच अफूसारख्या रसायनांमुळं येते, नाल्ट्रेक्सोन त्या जागा अडवून बसतं. दादाला दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी डायसल्फिरम बंद करून हे दिलं, आणि तो म्हणाला ते मी तसंच लिहितो: "डोक्यात जो सारखा रेडिओ चालू असायचा त्याचा आवाज कमी झाला." ५० मिलीग्रॅमची एक गोळी दिवसाला. अमेरिकेत महिन्यातनं एकदा घ्यायचं इंजेक्शन पण २००६ पासनं आहे. यावर दारू प्यायली तर डायसल्फिरमसारखा झटका येत नाही, त्यामुळं अजून पूर्ण सुटलेली नाही अशालाही डॉक्टर हे चालू करू शकतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, थोडे दिवस. जेवणानंतर घेतली तर बरं पडतं.

पण अफूवर्गातली औषधं पोटात असतील तर हे घेता येत नाही. आपल्याकडं कंबरदुखीला ट्रामाडॉल, खोकल्याला कोडीनचं सिरप किती लोक खातात मी बघतो. ती ७ ते १० दिवस पूर्ण बंद असावी लागतात, नाहीतर एकदम भयंकर त्रास सुरू होतो. आणि ऑपरेशन ठरलं असेल, अपघात झाला असेल तर डॉक्टरला पहिल्यांदा हे सांगायचं, कारण दुखणं थांबवायची तगडी इंजेक्शनं यावर काम करत नाहीत. दादाच्या पाकिटात तशी चिठ्ठी ठेवलेली आहे.

आणि अकॅम्प्रोसेट?

हे दारू सोडल्यानंतर चालू करतात. सोडून आठ-पंधरा दिवस झाले, थरथर थांबली, तरी झोप नाही, बेचैनी, कशात मन नाही, ती जी अवस्था असते ती यानं निवळते. ३३३ मिलीग्रॅमच्या गोळ्या, दोन-दोन, दिवसातनं तीनदा, म्हणजे रोज सहा. लोक इथंच कंटाळतात. मी सांगतो, प्लास्टिकची सहा खणांची डबी घ्या, जेवणाला जोडा. हे लिव्हरमधनं जात नाही, किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळं लिव्हरच्या पेशंटला सोयीचं, पण किडनी अगदी कमी चालत असेल तर बंद आणि मध्यम असेल तर डोस अर्धा. पातळ शौचाला होतं काहींना, बहुतेकांचं थांबतं.

लिव्हर गेलंय, पोटात पाणी आहे. आता काही देता येतं का?

देता येतं, पण इथं निवड फार थोडी. डायसल्फिरम अजिबात नको. नाल्ट्रेक्सोनचा विचार पण जपून. अशा लोकांत बॅक्लोफेन वापरतात, मूळ स्नायूंच्या ताठरपणाचं औषध आहे ते, लिव्हर सिरोसिसच्या पेशंटमध्ये त्याचा फायदा दाखवणारा अभ्यास २००७ ला आला होता आणि फ्रान्सनं २०१८ ला दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता दिली. झोप येते, चक्कर येते, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करतात. आणि हो, लिव्हरचं सगळ्यात मोठं औषध दारू थांबणं हेच, पोटात पाणी झालेली माणसं थांबल्यावर सुधारलेली डॉक्टरांनी पण बघितलीत, मी पण.

या गोळ्यांची सवय लागणार नाही ना? एक सोडायला दुसरी धरायची?

डायसल्फिरम, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, तिघांचीही नशा नाही, सवय नाही. सवयीची भीती फक्त लिब्रियमवर्गाची, आणि ती आठवड्याभराचीच असते. बाकीच्या गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर घेतात, काही जण जास्त.

घरातली बाई पिते, तिला हेच चालतं का?

चालतं. फक्त बाईला विचारायला कोणी येत नाही, १९ वर्षांत माझ्याकडं दोघीच आल्या, त्याही तोंड बांधून. दिवस गेलेले असतील किंवा ठरवत असाल तर डॉक्टरला आधी सांगा, डायसल्फिरम तेव्हा देत नाहीत. आणि एकदम बंद पण स्वतःच्या मनानं करू नका.

गटारीला परत घसरला. म्हणजे औषध वाया गेलं?

नाही. दादा तीनदा घसरला. एकदा गटारीला, एकदा लग्नात, आणि एकदा काहीच कारण नसताना मंगळवारी. तिसऱ्या वेळेला तो स्वतः माझ्या दुकानात आला, शटर अर्धं ओढलं होतं मी, वाकून आत आला आणि म्हणाला, "परत चालू करायचं, डॉक्टरला फोन लाव." पहिल्या वेळेला आम्ही त्याला काय काय बोललो होतो, तेव्हा तो सात महिने परत आला नव्हता. बोललो नाही तेव्हा दोन दिवसांत आला. घसरल्यावर बुजलेला असतोच तो, त्यात बेवडा म्हणून आणखी ढकलू नका.

डायसल्फिरम पोटात असताना घसरला असेल तर मात्र घरी थांबू नका, सरळ दवाखाना.

नुसत्या गोळीवर भागतं का?

कमी लोकांचं. समुपदेशन, घरच्यांचं बोलणं, आणि एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेला गट, हे जोडीला असावं. एए १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. बायका-मुलांसाठी अल-अनॉन आहे. काही ठिकाणी "इथं आलास की गोळ्या बंद" असं कानावर येतं, ते ऐकू नका, डॉक्टरनं चालू केलेली गोळी डॉक्टरच बंद करतो. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ भरून काढायला काहीतरी लागतं. दादा त्या वेळेत रंकाळ्याला एक फेरी मारतो, अजून मारतो, पावसात छत्री घेऊन.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना काय बघू?

नोंदणी आहे का. मानसोपचारतज्ज्ञ खरंच येतात का, आठवड्यातनं किती वेळा. पहिल्या पाच दिवसांत फिट आली तर काय करतात, हे विचारा, उत्तर अडखळलं तर मागं फिरा. घरच्यांना भेटू देतात का. मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं असलं काही असेल तर ते केंद्र नाहीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातनं येणारे मानसिक आजार पण धरलेत आणि पेशंटला साखळीनं बांधायला त्यात सरळ बंदी आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासनं चालू आहे, कोल्हापुरातनंही लोक तिथं जातात. पण दरवेळी लांबच जावं लागतं असं नाही.

कोल्हापुरात सुरुवात कुठनं करू? खर्च नाही झेपत.

सीपीआरला जा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, तिथं राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, 'मानसोपचार' म्हणताना लाजू नका, खिडकीवरचा माणूस रोज शंभर वेळा तो शब्द ऐकतो. फोनवरच आधी बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर, दोन्ही फुकट. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन बोलून आलात तरी चालतं.

आणि रात्री अपरात्री काही झालं तर?

फिट, भास, बेशुद्धी, रक्ताची उलटी, छातीत दुखणं: १०८ ला फोन करा. फिट चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, दाबून धरू नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटं पण, एका पिशवीत टाका. आणि एका कागदावर दोन ओळी लिहा: रोज किती पितो, आणि शेवटचा घोट कधी घेतला, वार आणि वेळ. तो कागद पहिला डॉक्टर भेटेल त्याच्या हातात द्या.